पेटीचे झाकण

बोरगाव मेघे, वर्धा
दि. ९ मार्च २००३

सौ. काजल हिस,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे. आईचा गुडघा आता बरा आहे. प्रभाकररावांच्या दुकानात लग्नसराईच्या पलंगांचे काम जोरात आहे, म्हणून रविवारीच लिहायला सवड मिळते. तिकडे तुझ्या माहेरी मामाजी-मामींना माझा नमस्कार सांग.

मुख्य बातमी अशी की मागच्या भिंतीवर चिमण्यांसाठी लावलेली सागवानी पेटी अखेर भरली. चिमण्या नाही, मधमाश्या आल्या! सातेरी जातीच्या, लहान, काळ्या पट्ट्यांच्या. (काळ्या. तू शिकवल्यापासून 'काया' असे एकदाही लिहिले नाही.) संक्रांतीनंतर एका दुपारी अंगणात एकदम गुणगुण झाली, लिंबाच्या फांदीला घोळका लटकला, आणि संध्याकाळपर्यंत सगळा पेटीच्या भोकातून आत गेला.

आईने गोवरी पेटवलीच होती. "धूर दे न बापा, कोणाले डसल्यावर देशीन काय?" शेजारचे पुंडलिकराव कुंपणावरून ओरडले, "अबे, आग्या मोहोय हाये थे! घर सोडा!"

मी म्हटले, "काका, आग्या मोहोय उघड्यावर बसते, पेटीत शिरत नाई."

"मंग तू काऊन घामाघूम होऊन राह्यला?"

घाम आला होता हे खरे. पण गोवरी मी विझवली.

काही दिवसांनी पेचकस घेऊन स्टुलावर चढलो. झाकण थोडेसेच उचलून आत किती पोळी झाली ते पाहायचे होते. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मागच्या उन्हाळ्यात याच पेटीत चिमणीने काड्या आणल्या, मी सकाळ-संध्याकाळ झाकण उघडून पाहत होतो, आणि ती निघून गेली. "सारखं सारखं झाकण उघडून पाह्यल्यावर कोण राहीन जी?" असे तू म्हणालीस आणि आपण दोघेही हसलो. भाऊबीजेला आर्वीच्या गाडीत बसताना तू तेच वाक्य परत म्हणालीस. मला वाटले, चिमणीचेच बोलते आहेस.

तर स्टुलावर चढलो आणि एक माशी भुवईवर डसली. डोळा पार मिटला. आईने चुना लावता लावता हसून घेतले. "चिमणी बोलली नाई, सून बोलली तं आयकलं नाई. आता माशीनं सांगतलं!"

तेव्हापासून पेचकस दुकानातच असतो. मी खाटेवर बसून लांबून पाहतो. सकाळी त्या निघतात. कुठे जातात, कोणत्या फुलावर बसतात, मला ठाऊक नाही. सुरुवातीला याने फार बेचैनी व्हायची. आता होत नाही. संध्याकाळी सगळ्या आपापल्या परत येतात आणि मेणाचा वास अंगणभर पसरतो. आत काय आहे ते मी पाहिलेले नाही, पण पेटी भरली आहे याची मला पूर्ण खात्री आहे. काल पुंडलिकरावांनी विचारले, "मध कधी काहाडतं?" मी सांगितले, नाही काढणार.

रीताताईंचा शिलाईचा क्लास होळीनंतर पुन्हा सुरू होणार आहे. त्या तुझे विचारत होत्या. मी तुझे नाव दिले नाही आणि नकोही म्हटले नाही. ते तू ठरवशील. तू क्लासला गेलीस की मी आता मागून चौकशीला येणार नाही.

तुला घ्यायला आर्वीला येत नाही. राग नाही. आर्वीहून येणाऱ्या सगळ्या गाड्या मला पाठ आहेत, पण तू कोणत्या गाडीने येशील हे विचारत नाही. मागचे दार माश्यांच्या वाटेवर येते, म्हणून पुढच्या दाराने ये. त्याची कडी दिवसा काढलेलीच असते.

तुझ्या वेळेने ये.

तुझा,
धनंजय

ता. क. एकदा पाकीट चिकटवले की शुद्धलेखन तपासायला ते पुन्हा उघडणार नाही. एखादा ळ चुकला असेल तर चुकू दे.