जिन्याखालच्या फळ्यावरचा रक्तगट

आबा,

सकाळी परळच्या इस्पितळातून परत आल्यापासून एका जागी बसवत नाही. दुकानात ॲम्प्लिफायर उघडून ठेवलाय, पण त्याची घरघर कुठून येते तेच सापडेना. मिरवणुकीच्या गोंगाटात कुठला कर्णा फाटका वाजतोय ते लांबून सांगणारा मी! तुम्ही गेलात तेव्हा माझ्याकडे दोनच कर्णे होते. आता करी रोडला स्वतःचं साऊंडचं दुकान आहे, आणि दोन वर्षांपासून रक्ताचा कॅन्सर. दचकू नका, हा सावकाश चालणारा आहे. रोज एक गोळी घ्यायची, दर तीन महिन्यांनी तपासायला रक्त द्यायचं. आजार किती दबलाय ते आकड्यात कळतं, आकडा खाली तेवढं बरं. छान दबला होता. आज आकडा वर आला.

डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची. "काका, मध्ये गोळ्या चुकल्या का?" "एकही नाही, मॅडम." इतक्या सफाईने बोललो की माझं मलाच ऐकून बरं वाटलं. तिचं पेन जरा थांबलं, मग चाललं. कुठल्या रक्तगटाच्या पेशंटला गोळी कितपत लागू पडते, काही संबंध आहे का, हे ती तपासतेय. मीही त्यात सही केलीय. "काय निघालं मग?" मी विषय बदलला. "अजून काहीच नाही, काका. कदाचित काही नसेलही. म्हणून तर प्रत्येकाचं नीट लिहायचं." आणि माझ्या देखत माझा चढलेला आकडा तिने बी गटाखाली लिहिला. वर म्हणाली, "असंच राहिलं तर दुसरी, जास्त कडक गोळी द्यावी लागेल."

खरं असं की गणपतीच्या आधीपासून गोळी बंद होती. पोटऱ्यांत गोळे यायचे, डोळे सुजायचे, आणि मंडळांच्या ऑर्डरी डोक्यावर. डॉक्टरच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर कॉटन ग्रीनचा एक गोदामवाला भेटायचा. "शेठ, तुमचा बी ना? मग टेन्शन कशाला घेता? बीवाल्यांना ही गोळी मस्त लागते. मला बघा, घोडा!" लोकांच्या आवाजावरून थाप ओळखणारा मी, ही थाप मात्र मला हवी होती. नवरात्र संपेपर्यंत गोळीला हात लावला नाही.

परत येताना डिलाईल रोडवरून आलो. आपल्या चाळीचा जिना आता नाही, पण मला तो फळा दिसतोय. इस्पितळं शेजारी, कुणाला कधी रक्त लागेल सांगता येत नाही, म्हणून मंडळाने जिन्याखाली प्रत्येक खोलीचे रक्तगट लिहिले होते. खडू तुमच्या हातात. तुमचा ओ. त्याखाली माझं नाव, पुढे पुन्हा ओ. आई म्हणते, "अवो, एकदा तपासून तरी घेवा." तुम्ही हसता. "माजा रगात ताच तुजा. त्येत काय तपासूचा हा?"

मग एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकींचं अडलेलं बाळंतपण. ओ हवं होतं, तुम्ही गिरणीत, फळा वाचून मला धाडलं. तिथे बोट टोचलं, बी निघालं. दुसरा माणूस मिळेपर्यंत दोन तास गेले. काकी वाचल्या. पाळीवरून आलात तसे डबाही खाली न ठेवता तुम्ही आख्खा फळा पुसलात. "माज्या भरवशार ती बाई गेली असती तर?" मग महिनाभर एकेका खोलीतल्या माणसाला तपासायला घेऊन गेलात, आणि दारात उभं राहून प्रत्येकाला सांगितलंत, "चूक माजी."

म्हणून बसवत नाही. माझ्या खोटेपणावरून उद्या कुणी लिहिलं की बीवाल्यांना गोळी पुरत नाही, तर त्या बाकड्यावर बसणारा कोण घाबरेल, कोण सोडेल? डॉक्टरला फोन लावला होता, वाजायच्या आत कापला. उद्या जाऊन तोंडानेच सांगेन. पण त्याआधी तुम्हाला एक सांगायचं राहिलंय, आणि हा कागद कुठल्या पोस्टाच्या पेटीत टाकायचा नाही म्हणूनच लिहिता येतंय. त्या दुपारच्या सहा महिने आधी कॉलेजच्या शिबिरात माझं रक्त तपासलं होतं. बी, असं कार्ड मिळालं होतं. फळ्यावर तुमच्याखाली तुमचंच अक्षर बघून मी रोज जिना चढायचो, ते पुसावंसं वाटलं नाही. तुम्ही दारोदार चूक कबूल करत होतात, आबा, तेव्हा ते कार्ड माझ्या खिशात होतं.