वाळवणयंत्राचा जन्मवार

सिदोआर्जो, सोमवार

तीर्थरूप थोरले काका, माझे पाकदे, यांच्या चरणी,

वारसितोचा गुडघ्यांवर डोकं टेकवून नमस्कार. (उजवा गुडघा अजून दुखत असेल, तर त्यावर हलकेच टेकवलं आहे असं समजावं.) काकू आणि बदकं बरी असतील. मीही खुशाल आहे, म्हणजे शनिवारपासून आहे, त्याआधी नव्हतो.

आमची कंपनी क्रुपुकचे पापड वाळवायची यंत्रं करते हे तुम्ही जाणताच. लेबारानच्या सणापर्यंत एक तरी खपव, नाहीतर काकाची बदकं राखायला जा, असं साहेबांनी मला सगळ्यांदेखत सुनावलं होतं. (बदकांची बढाई मीच मारली होती.) पण इथे ज्याला विचारावं तो म्हणे, ऊन फुकट आहे की! आणि पावसात चटया गुंडाळत धावताना विचारलं, तर शिव्या घाली.

शेवटी क्रुपुकच्या एका कारखान्याच्या विधवा मालकीणबाई, बू सुमार्नी, यंत्र चालवून बघायला तयार झाल्या. मी उत्साहाच्या भरात पंखा असा सोडला, की सगळा माल उडून शेजाऱ्याच्या मत्स्यतळ्यात. मी गाशा गुंडाळायला लागलो होतो, तेवढ्यात त्यांची मुलगी एंडाह म्हणाली, "आई, ओले असते तर उडाले असते का?" पाकदे, उघडच सांगतो, ती मला तिथल्या तिथे आवडली.

मग बूंनी यंत्राचा जन्मवार विचारला. त्यांच्या घरात म्हैस येवो, मोटारसायकल येवो की जावई, आधी त्याचा जन्मवार बूंच्या वाराशी जुळवून बघतात. (तुम्ही कोंबडासुद्धा तसाच घेता.) मला यंत्राचा वार कुठला ठाऊक? घाबरून मी स्वतःचाच सांगितला: सात वारांतला मंगळवार आणि आपल्या जुन्या पाच वारांतला लेगी, म्हणजे मंगळवार लेगी. बूंनी बोटांवर हिशेब केला आणि चेहरा असा खुलला, की यंत्र जागच्या जागी ठरलं! शनिवारी पिवळ्या भाताचा डोंगर रचून, यंत्राला हार घालून गावजेवण झालं.

जेवताना त्यांनी माझाही वार विचारला. एंडाह समोर वाढत होती. मला खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं. बूंनी पुन्हा बोटांवर हिशेब केला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी पैसे मोजले यंत्राचे आणि जुळवला तुला? बरं. तुझा वार माझ्याशी जुळला, एंडाहशीही जुळतो. घरातलं वडील माणूस घेऊन ये, दोन्ही पक्कं करू. नाहीतर तू आणि तुझा पंखा, दोघंही चालते व्हा." एंडाह पदराआड नव्हे, चांगली मोठ्याने हसली.

बाबांच्या मागे वडील माणूस तुम्हीच. रविवारी या. मला फार आशा आहे.

आपला,
वारसितो

ता.क. येताना खारवलेली अंडी आणा. एंडाहला आवडतात.

ता.क. २. आई म्हणते, मी झालो तेव्हा सूर्य मावळत होता की मावळला होता हे तिला आठवत नाही. आपला वार सूर्यास्तालाच बदलतो, तेव्हा मावळला असेल तर मी पुढच्या वाराचा, बुधवार पाहिंगचा, आणि यंत्र, नोकरी, एंडाह सगळंच गेलं. सुईणीला आणायला तुम्ही धावला होतात. पाकदे, बू विचारणारच: तेव्हा तुमच्या डोळ्यांवर चांगलं लख्ख ऊन येत होतं ना?