म्हातारी आता ‘बेन’ म्हणती

बार्सिलोना, स्पेन
१२ फेब्रुवारी १९३२

तीर्थरूप आईच्या पायांवर हैबतीचं डोकं.

आमची बोट दुरुस्तीला लागलीय, म्हणून आमी खलाशी हितं एका म्हातारीच्या घरी राहतो. पोटभर जेवतो. खोकला होता, तो आता लई न्हाई.

हितली बोली स्पॅनिश. आधी म्हातारी मला ‘बेंगा’ म्हणायची, म्हंजी ‘यावं’, पाव्हण्याला म्हणतात तसं. खोकल्यात तिनं काढा पाजला, तवापासनं ‘बेन’ म्हणती, म्हंजी ‘ये’. ‘कोमे’ म्हंजी खा, ‘दुएर्मे’ म्हंजी झोप. घरच्या पोरावानी दटावती. परवा तिचं ‘बेन’ ऐकलं आन् तुझी हाक आठवली.

तुझा गुडघा कसाय? नाचणी बरी आली का? धाकटी ठकू एकटीच शेळ्या घेऊन डोंगरात जाती का? तिला म्हणावं, लांब जाऊ नको.

बोटीवर जाऊ नको म्हणालीस, तवा म्या रागानं ‘जातो’ म्हणून उंबरा ओलांडला. तू चुलीकडं तोंड फिरवलंस.

आता हितनं म्हणतो, आई, येतो.

मास्तरांनी पत्र वाचून दाखवलं, की उंबऱ्यात उभी राहा आन् एकदा ‘ये’ म्हण.

तुझा हैबती