सीटमागची पेटी

४ मार्च

पिशवी पुन्हा अडकली! शिडीच्या कड्यात, जमिनीपासून निम्म्यावर. हे एका हाताने गजाला लटकले आणि दुसऱ्याने बंद सोडवला. संध्याकाळी हसत हसत सांगत होते, जसं काही बसमध्ये छत्री अडकली होती. मी हातातली थाळी आदळली तेव्हा कुठे गप्प झाले.

टॉवर क्रेन चालवणाऱ्याला चढताना खांद्यावर पिशवी परवडत नाही. आणि यांना पिशवीशिवाय चालत नाही. सुई, इन्सुलिनची बाटली, ग्लुकोज, पाणी, टॉर्च, कटर, शिट्टी, पट्टी. सकाळी एकदा वर गेले की संध्याकाळपर्यंत उतरणं नाही. जे लागेल ते जवळच हवं.

साखरेचं कंपनीला माहीत नाही. कळलं तर त्याच दिवशी खाली उतरवतील, कायमचे. "खाली मी कोण गं? वर असलो की सगळे मान वर करून बघतात." असं बोलले की माझं भांडणच संपतं. फक्त लंबूला माहीत आहे. तो जमिनीवर उभा राहून यांना वॉकीटॉकीवर इशारे देतो — उचल, थांब, डावीकडे घे. म्हणतो, "वहिनी, मी आहे ना खाली." खाली असून काय उपयोग रे बाबा, काही व्हायचं ते वर होणार!

७ मार्च

उपाय सापडला. आमच्या कारखान्यात टाकाऊत निघालेली एक पत्र्याची पेटी मागून आणली. कोपऱ्याला पोचा आहे म्हणून बाद केली होती. पुस्तकाएवढी लांब-रुंद, चार बोटं खोल. झाकण घट्ट बसतं — दोन्ही हातांनी धरून उघडावं लागतं. चांगलंच आहे, आपोआप उघडून सांडणार नाही.

ही पेटी वरच राहील. केबिनमध्ये, सीटच्या मागे. मग रोज काही नेणं नको आणि आणणं नको. हल्ली गेटवर बॅगाही तपासायला लागलेत. सुई दिसली तर संपलंच.

८ मार्च

दिवसभर मी हेच करते — संकटकाळच्या पेट्या भरते. ट्रकसाठी, बोटींसाठी. आणि घरच्या माणसाची पेटी भरायला मला वर्ष लागलं! शरम वाटली.

आमच्या मुकादमबाईंचा नियम: जे आधी लागतं ते वर, जे वाचवतं ते उजव्या हाताला, आणि डोळे मिटून हात घातला की सापडलं पाहिजे. नवीन आलेल्या मुलीचे डोळे ओढणीने बांधून त्या तिला पेटी उघडायला लावतात. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. माझं कधी चुकत नाही. उगीच नम्रपणा कशाला, इथे कोण वाचणार आहे!

तर असं भरलं: सगळ्यात वर ग्लुकोजच्या पुड्या, कोपरे कात्रीने आधीच थोडे कापून ठेवलेले, दाताने ओढलं की फाटतील. उजवीकडे टॉर्च, शिट्टी. डावीकडे पट्टी आणि कटर. खाली स्पंजमध्ये खाच करून त्यात बाटली, सुया बाजूला. हलवून पाहिली. आवाज नाही!

सासूबाई बघत होत्या. "एवढं सामान? क्रेनवर राहायला चाललाय का तो?"

१० मार्च

यांचे डोळे बांधून सराव घेतला. पहिल्यांदा शिट्टी तोंडात घातली, म्हणाले ग्लुकोज कडक झालंय. सासूबाई हसून हसून खोकल्या. चौथ्या खेपेला न चाचपडता पुडी काढली. मी टाळ्या वाजवल्या. कितीतरी दिवसांनी घरात असं हसणं झालं.

११ मार्च

पेटीचा रंग भगवट केशरी — आमच्याकडच्या सगळ्याच तशा असतात, लांबून दिसाव्यात म्हणून. पण इथे दिसायलाच नको. तपासणीला कोणी वर आलं तर? केबिनच्या आतली चौकट काळी आहे. मी पेटीला काल रात्रीच काळ्या रंगाचे दोन हात दिले. मागे चुंबक चिकटवलं. सकाळी लंबूने ती अवजारांच्या पेटाऱ्यातून गेटच्या आत नेली. हे म्हणाले, सीटमागे काचेला लागून चौकटीवर अशी बसली की माझी मलाच दिसेना.

१४ मार्च

मेडिकलवाल्याला विचारून आले. उघडलेली बाटली फ्रीजबाहेर राहते का? म्हणाला, महिना-दोन महिने आरामात, कपाटात ठेवा. केबिनचं नाव मी काढलं नाही. कसं काढणार? त्याचा भाऊ त्याच साइटवर सिमेंट पोचवतो.

निश्चिंत झोप लागली आज. डोळ्यांसमोर पेटी येते. आहे तिथे, सगळं जागच्या जागी.

९ एप्रिल

साखर वाढलीय. संध्याकाळी तपासली तर भलतीच. खाण्यात काही बदल नाही — मीच डबा भरते, मला माहीत नाही का. यांच्यावर संशय घेतला, चोरून गोड खाता म्हणून. चिडले. "वर काय दुकान आहे?"

दुपारची मात्रा थोडी वाढवली. दुपारची तेवढी ते वर घेतात, जेवायच्या आधी. सकाळ-रात्रीची घरी.

२३ एप्रिल

उतरेना. पुन्हा वाढवली. तहान तहान करतात. डोळे ओढलेले. डॉक्टरकडे चला म्हटलं तर, "सुट्टी कशाला म्हणून मागू?" हाच प्रश्न दरवेळी.

उकाडाही भयंकर. केबिनमधला पंखा गरम वारा फेकतो म्हणे. सकाळी बरं असतं, पण जेवणानंतर ऊन मागच्या काचेतून येतं आणि पाठ शेकून निघते. घरी आले की बनियन पिळून घ्यावा लागतो.

५ मे

आज लंबू घरी आला होता, यांच्या नकळत. दारातच उभा. वाकून आत यावं लागतं त्याला आमच्या दारातून, म्हणून बहुतेक येतच नाही. म्हणाला, "वहिनी, आवाज बरा वाटत नाही त्याचा. मी रोज ऐकतो ना कानात. थकल्यासारखा बोलतो." मी म्हटलं, तूच समजाव. म्हणाला, "समजावलं. शिव्या खाल्ल्या." मग म्हणाला, "पेटी कुठेय, कशी उघडते, ते मला दाखवून ठेवलंय त्याने. तुम्ही काळजी करू नका."

चहा न घेता गेला. चांगला माणूस. माझ्या सख्ख्या भावाने एवढी चौकशी केली नाही.

१२ मे

मात्रा आणखी वाढवली. आता मार्चच्या जवळजवळ दुप्पट. भीती वाटते. पण साखर बघितली की वाटतं, न वाढवून तरी काय करू?

२० मे

वरची बाटली संपली. नवी आणली, फ्रीजमधून काढून सकाळी यांच्या मोज्यात घातली, गेटवर दिसू नये म्हणून. जुनी खाली घेऊन या म्हटलं.

२१ मे

लंबू गेला.

२४ मे

लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

हे जिवंत आहेत. दवाखान्यातून काल घरी आणले.

झालं ते असं. वीस तारखेला दुपारी यांनी नेहमीसारखी सुई घेतली, जेवले. तासा-दोन तासांनी लोखंडी सळयांचा भारा हवेत असताना यांची जीभ जड झाली. साखर एकदम खाली. लंबूने इशारा दिला, उत्तर नाही. पुन्हा दिला. तर हे वॉकीटॉकीवर आईला हाका मारत होते. लंबूने ओरडून भाऱ्याखालची माणसं बाजूला केली आणि धावत शिडीला लागला. चढताना बांधायचा सुरक्षेचा पट्टा खाली खोलीत टांगलेला होता. तो आणायला थांबला नाही.

वर पोचून पेटी उघडली. पुडी यांच्या तोंडात रिकामी केली, गालाच्या आत बोटाने चोळली. हे शुद्धीवर येईपर्यंत मांडीवर डोकं घेऊन बसला. भारासुद्धा यांचा हात क्रेनच्या दांड्यावर धरून खाली ठेवून घेतला! मग म्हणाला, "तू हलू नकोस, मी माणसं घेऊन येतो." आणि उतरायला लागला. वरच्याच टप्प्यावर हात सुटला. हात कसा सुटेल? वीस वर्षं त्या शिड्यांवर काढलेला माणूस!

संध्याकाळपर्यंत श्वास होता.

२६ मे

हे भिंतीकडे तोंड करून पडलेत. जेवण भरवावं लागतं. कंपनीने क्रेन काढून घेतली, तेही ठाऊकच होतं. मध्येच म्हणतात, "मला पडू द्यायचं होतं त्याने." सासूबाई आतल्या खोलीत रडतात, यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून.

साइटचा सुरक्षा अधिकारी येऊन गेला. पेटी परत द्यायला. म्हणाला, "कुणी भरली होती? मी बारा वर्षांत इतकी व्यवस्थित भरलेली पाहिली नाही. हिच्यामुळेच वाचले हे." मी मान खाली घातली. पण आत कुठेतरी बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

२९ मे

लंबूच्या बायकोकडे गेले. दोन गल्ल्या पलीकडे राहते. मला वाटलं, दारातूनच हाकलून देईल. हाकलायलाच हवं होतं. आम्ही लपवलं म्हणून तिचा नवरा गेला. हे मी तिला तोंडावर सांगितलं.

तिने माझा हात धरला. "ताई, तो त्यांना वाचवायला गेला आणि वाचवून आला. तुमची पेटी नसती तर दोघंही गेले असते. तेवढ्यावर मी उभी आहे." दोघी रडलो. घरी येताना वाटलं, मीही तेवढ्यावरच उभी आहे. पेटीने तिचं काम केलं. बाकी सगळं चुकलं असेल, ती चुकली नाही.

३ जून

लंबूची बायको आत्ता येऊन गेली. उठता उठता म्हणाली, "ताई, एक विचारू? दवाखान्यात मी त्याचा हात धरून होते. दोन्ही हातांच्या बोटांना मोठाले फोड आले होते. पडल्यावर बोटं कशी भाजतील?"

मी म्हटलं, शिडीचे गज तापतात उन्हात. तिने मान हलवली आणि गेली.

गज एवढे तापत असते तर दुपारी शिडी चढणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांना फोड आले असते. पेटी तापली होती. काळी, पत्र्याची, मागच्या काचेला लागून. हे ती जेवणाआधी उघडायचे, ऊन मागे यायच्या आत, म्हणून कधी कळलंच नाही. लंबूने ती उतरत्या उन्हात उघडली, घट्ट झाकण दोन्ही हातांनी धरून.

आणि आतलं औषध? ते दोन महिने रोज भाजत होतं. त्यात दम उरला नव्हता म्हणून साखर उतरत नव्हती. म्हणून मी मात्रा वाढवत गेले. आणि मग त्या दुप्पट मात्रेला ताजी बाटली दिली. मीच. मोज्यात घालून.

त्याच भाजलेल्या बोटांनी तो शिडी धरून उतरत होता.

लंबूची बायको अजून घरी पोचली नसेल. जाते तिच्या मागे, हे सांगायला.