डोंगरात न्यायची गाडी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा जुन्या डिझेल गाड्या पोचवण्याचा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि सकाळच्या औषधाची गुंगी उतरल्यावर हे लिहून ठेवत आहे. याआधी असा लेख केलेला नाही. लग्नही केलेले नाही. लोक मला ‘एकेरी’ म्हणतात, कारण जाताना मी गाडीने जायचो आणि येताना बसने, दोन्ही वेळा एकटाच.

१. राहत्या दोन खोल्या व बँकेत असेल ते पुतणीस द्यावे. ‘काका, जेवलात का?’ असे आता तीच विचारते. लांब राहते, फोनवर विचारते, पण विचारते.

२. तिचे वडील, म्हणजे माझे धाकटे बंधू, यांनी माझ्या गाडीच्या धुराबद्दल कचेरीत अर्ज केला. धूर होता, हे मी नाकारत नाही. पण आमच्यात एकच भिंत आहे. दार वाजवून सांगता आले असते. त्यांना अंगणातला तेलाचा डाग देत आहे. तो कशानेही निघत नाही.

३. पाने, जॅक व इंजेक्टर काढायची हत्यारे डोंगरातल्या मेस्त्रीस द्यावीत. इथे ती कोणाच्या कामाची? या शहरात जुन्या डिझेल गाडीला बंदी आहे. दिसलीच तर चादरीखाली. नदीपलीकडच्या बाजारगावांत अधूनमधून एखादी भेटते. समुद्राकडे इंजिने धडधाकट असतात, पण खारा वारा पत्रा खातो, दारे दोरीने बांधलेली. डोंगर चढला की मात्र दर दुसरी गाडी तीच. शहराने टाकलेल्या गाड्या मी जन्मभर तिकडे नेल्या.

४. माझी स्वतःची राखाडी गाडी. हिच्याबद्दल नीट सांगायला हवे.

एकदा एका निवृत्त शिक्षिकेकडे गाडी न्यायला गेलो. मिस्टर वारले होते. किल्ली देताना बाई म्हणाल्या, “मी येऊ का हो बरोबर? यांची गाडी कुठे राहणार ते बघायचंय.”

एवढ्या वर्षांत माझ्या बाजूच्या सीटवर बसलेले माणूस त्या एकट्याच. वाटभर बोलत होत्या. घाटात मी गिअर बदलला की म्हणायच्या, “आमचे हे थोडं आधीच बदलायचे.” डोकेच फिरायचे. पण पुढच्या वळणावर मी आधीच बदलला.

वर बाजारात सगळीकडे त्याच गाड्या खडखडत होत्या. बाई रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभ्या राहिल्या. मिस्टर घरी येताना हा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा म्हणे. “इथे तर ते सारखे घरी येतायत,” म्हणाल्या आणि हसल्या. महिन्याभरात त्यांनी तिथेच खोली घेतली.

पुढे दर खेपेला मी त्यांच्याकडे चहा घ्यायचो आणि बसची वेळ झाली की उठायचो. एकदा म्हणाल्या, “बस उद्याही असते.” मी चपला घातल्या होत्या.

त्या गेल्याचे मेस्त्रीने फोनवर कळवले, क्लचप्लेटबद्दल बोलता बोलता.

तरी माझी गाडी भंगारात देऊ नये. शहराबाहेर नेण्याचा परवाना काढून ठेवला आहे. ती मेस्त्रीकडे पोचवावी व त्याने ती रोज बाजारातून फिरवील अशाच माणसास द्यावी. नेताना बाजूच्या सीटवर कोणीतरी बसलेले असावे. कोणीही चालेल.

सहीपूर्वी घातलेली भर : साक्षीला बोलावलेल्या शेजारच्या शिंप्याने चौथे कलम मोठ्याने वाचले, चष्मा काढला आणि विचारले, “हे तुम्ही मेल्यावरच कशाला?”

“जिवंतपणी बाजूला बसणार कोण?” मी म्हणालो.

“रविवारी माझं दुकान बंद असतं.”

मी दुसऱ्या साक्षीला आलेल्या डॉक्टरीणबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “औषधं बरोबर ठेवा. आणि लगेच परतायची घाई करू नका.”

सबब कलम ४ येत्या रविवारी अमलात येईल. उरलेली कलमे माझ्या पश्चात.

(सही) एकेरी

साक्षीदार :
१. (सही) शेजारचा शिंपी
२. (सही) गल्लीतल्या डॉक्टरीणबाई

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ६ मार्च, गुरुवार