परवा म्हणजे कोणता परवा

५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज वर्गात खळ शिजवताना शाळा सुरू व्हायच्या आदला दिवस आठवला. आपण दोघी जमिनीवर तपकिरी कागद पसरून पुस्तकांना कव्हरं घालत बसायचो. आधी माझ्या पुस्तकांना, कारण कॉन्व्हेंटातल्या सिस्टर कोपरे बोटाने चाचपून बघायच्या. तुझ्या शाळेत कुणी बघत नसे, म्हणून तुझ्या पुस्तकांना उरलेले तुकडे. मी नुसती खळीची बोटं चाटायचे. आता चोपन्नाव्या वर्षी परदेशात येऊन तीच खळ शिकते आहे. पुस्तकबांधणीचे मास्तर म्हणतात, कोपरे वर्गात माझेच चांगले. ते कुणाचे, हे त्यांना काय सांगू!

जिवाला मात्र स्वस्थता नाही. या आठवड्यात खोलीतलं टेबल तीनदा हलवलं. खिडकीशी ठेवलं की टॅक्सी मोजत बसते, भिंतीशी ठेवलं की भिंत. खालच्या मजल्यावरच्या मुलीने काल विचारलं, तुम्ही खोली सोडताय का?

एप्रिलअखेर तीन आठवडे सुट्टी आहे. वर्गातली मुलं समुद्राकाठच्या एका जुन्या बांधणीखान्यात काम शिकायला चालली आहेत. शेवटच्या परीक्षेला त्याचा फार उपयोग होईल. मला न विचारताच त्यांनी यादीत माझं नाव घातलं. इकडे मी घरी यायला विमानात जागा धरून ठेवली आहे. वीस एप्रिलपर्यंत काय ते ठरवायचं. पण एकदा घरी आले तर परत निघेन का, याची मला खात्री नाही. तूच सांग.

लोभ असू दे, रागही असू दे, पण पत्र असू दे.

तुझी,
धाकटी


१६ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. या खेपेला सा. न. वि. वि. नीट जमलं. गेल्या वेळी एक वि. जास्त घातला होतास, तो मी जपून ठेवला आहे, कमी पडला तर माग.

माझी काळजी करू नकोस. चिमणी बँकेत लागल्यापासून मला, स्वतःच्या आईलाच, शिस्त लावते. खालचा औषधवाला तुझी चौकशी करतो. बाई या वयात शिकायला गेल्या, म्हणजे घरात काही भांडण झालं का, असं त्याने चिमणीला विचारलं. तिने सांगितलं, हो, पुस्तकांवरून.

टेबल हलवून मन जागेवर येत नसतं. समुद्राकडे जा. घर कुठे पळून जात नाही.

तुझी,
ताई

ता. क. डोळ्याचं ऑपरेशन परवा. चिमणी सोबतीला. उगाच जीव टांगणीला लावू नकोस.


२७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा म्हणजे कोणता परवा? झालेला की यायचा? क्रियापद लिहायला तुझं काय जात होतं? ऑपरेशन चौदाला झालं असेल तर हे पत्र तू त्यानंतर लिहिलंस, म्हणजे तू बरी आहेस. अठराला असेल तर मला काहीच माहीत नाही. मी तुझ्या अक्षराकडे बघत बसले आहे. ओळी उतरत गेल्यात. पण त्या डोळ्यावरच्या पट्टीमुळे की मोतीबिंदूमुळे, हे अक्षर कुठे सांगतं?

औषधवाल्याकडे ट्रंककॉल लावला. त्याने तुलाच बोलावलं. ऑपरेशन झालं का विचारलं, तू म्हणालीस बरी आहे. दिसतं का विचारलं, बरी आहे. शेवटी आज वार कोणता म्हणून विचारलं, तरी बरी आहे, आणि फोन ठेवून दिलास. एवढ्या लांबून बोलत होते, ताई, आणि तुला अक्षरही ऐकू गेलं नाही.

मी येतेच. बॅग भरली आहे. वर्गातल्या मुलांना अजून सांगितलेलं नाही.

तुझी,
धाकटी


८ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

झालेला परवा. चौदालाच झालं. एका डोळ्यावर पट्टी ठेवून लिहिलं म्हणून ओळी उतरल्या. आता पट्टी निघाली. खिडकीची जाळी इतकी मळकी आहे हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बॅग रिकामी कर.

आणखी एक सांगायचं आहे. तू एकोणीस वर्षांची असताना वसतिगृहातून दहा दिवसांत परत आलीस. अण्णांना बरं नाही, निघून ये, असं मी कळवलं होतं. अण्णांना नुसती सर्दी झाली होती. घर खायला उठलं होतं ते मला. मग तू परत गेली नाहीस, वाचनालयात चिकटलीस, आणि मला बरं वाटलं म्हणून मी गप्प राहिले. म्हणूनच या वेळी सगळं उरकल्यावर कळवलं. एकदा ये म्हणून लिहिलं होतं, आता येऊ नकोस म्हणून लिहिते.

रागावलीस तर पत्रातच रागाव. फोनवर मला ऐकू येत नाही.

तुझी,
ताई


१९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अण्णांची सर्दी मला स्टेशनवरच कळली होती. ते स्वतः मला घ्यायला आले होते, आणि माझी ट्रंक त्यांनीच उचलली. मलाही तिकडे करमत नव्हतं. परत का आलीस असं कुणी विचारलं की दाखवायला तुझं पत्र होतं. पस्तीस वर्षं दोघी बहिणी एका सर्दीवर गप्प बसलो.

या वेळी दाखवायला पत्र नाही. विमानातली जागा आज सोडून दिली. परवा, म्हणजे यायच्या परवा, मी मुलांबरोबर निघते. आत धाकधूक आहे, ती सोबत नेते.

वर्गातली एक मुलगी तुमच्या बाजूला येते आहे, तिच्याबरोबर पिशवी पाठवली आहे. राखाडी मफलर औषधवाल्याला दे आणि भांडण मिटलं म्हणून सांग. कातडी बांधणीची वही चिमणीला, तिच्यात हिशेब लिहायचे नाहीत ही अट. जाड भिंगाचा चष्मा तुझ्यासाठी घेतला होता. आता त्याची गरज नाही, वाचनालयात जुन्या पोथ्या बघणाऱ्या शास्त्रीबुवांना दे. माझं कपाटही चिमणीला, किल्ली पिशवीतच आहे. आणि खिडकीजवळची खाट तू घे. ती माझी म्हणून तू रिकामी ठेवली आहेस, हे चिमणीने कळवलं. मी आले की भिंतीकडच्या खाटेवर झोपेन.

तुझी,
धाकटी