नववी ‘ब’ने घेतलेली परीक्षा

चारकोप, मंगळवार

ती. सुगंधाताईस निलेशचा नमस्कार. तुझा गुडघा आणि भावोजींचा स्वभाव, दोन्ही बरे असावेत. (दुसऱ्याची आशा मी सोडली आहे.) इकडे मोठा अन्याय झाला. शाळेने टीचर्स रूममध्ये चहाचं यंत्र बसवलं. ‘चहा’ दाबलं की टोमॅटो सूप येतं. इतक्या वर्षांच्या सेवेचं फळ म्हणजे सकाळी सूप. मुख्याध्यापिका म्हणतात, पौष्टिक असतं.

पण खरा घोळ माझ्या वर्गाचा, म्हणजे तुझ्या दिशाच्या नववी ‘ब’चा. या कार्ट्यांनी प्रत्येक शिक्षकाला एकेक खोटं गुपित सांगितलं, कोणाकडून काय फुटतं ते बघायला. चेतनाबाईंना सांगितलं, मिहिरचं ट्यूशनमधल्या मुलीशी जमलंय. शाळा सुटायच्या आत मिहिरची आई फाटकात हजर. पीटीच्या गुणाजी सरांनी तर आपल्या वाटचं गुपित भर मैदानात शिट्टी मारून जाहीर केलं. मला केयूर म्हणाला, “सर, शनिवारी घर सोडून चाललोय. कोणाला बोललात, तर आजच जातो.”

ताई, सांगावं तर पोरगा जातो, न सांगावं तर जातोच. शेवटी शनिवारी उजाडल्यापासून त्याच्या बिल्डिंगसमोर भाजीवाल्याच्या आडोशाला उभा राहिलो. (उभं राहण्याचं भाडं म्हणून चार दुधी घेतले.) वॉचमन दोनदा येऊन बघून गेला. मग केयूर उतरला, हातात दुधासाठी रिकामी पिशवी.

“सर, तुम्ही?”

“दुधी घ्यायला.”

“चार?” हसला मेला. “सर, टेस्ट होती. तुम्ही पास.”

“पास-बीस ठेव बाजूला. खरंच बॅग घेऊन उतरला असतास, तर कॉलर धरून आईपुढे उभा केला असता. हे पण सांग वर्गात.”

सांगितलं त्याने. मला वाटलं, वाट लागली, आता हा वर्ग माझ्याशी कधी खरं बोलायचा नाही.

तुझा,
निलेश

ता.क. : काल दिशा मागे थांबली. “मामा म्हणून नाही, सर म्हणून सांगते,” म्हणाली. ते खोटं नव्हतं. काय ते विचारू नकोस, मी सांगणार नाही. जिवावरचं काही नाही. पण तुला कळायला हवं आणि तिच्याच तोंडून, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. रविवारी बोलेल. तिचं संपेपर्यंत गप्प बस. (आयुष्यात एकदा जमवून बघ.)

आणखी एक : हे तिच्याच हाती पाठवतोय. पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. मी काय लिहिलंय ते तिला बघता यावं. सोबत गणपतीपासून माझ्याकडे राहिलेला तुझा स्टीलचा डबा. रिकामा कसा द्यायचा, म्हणून नारळाच्या वड्या केल्यात.